अर्धं जळालेलं कार्ड

"सर, गाणं वाजतंय, पण गोळीचा आवाज येत नाहीये. साउंड कार्ड अर्धं गेलंय बहुतेक."

गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा सुटली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि लांबून येणारी आठवी-नववीची सात-आठ मुलं-मुली संगणकाच्या खोलीत थांबली होती. त्यांच्यातल्या एकाने पेनड्राइव्हमधून डॉसच्या काळातला एक खेळ आणला होता. विमान उडवायचं आणि समोरून येणारी विमानं पाडायची. खेळाचा हा पहिला भाग कंपनीने त्या काळी स्वतःच फुकट वाटण्यासाठी काढलेला, म्हणून मीही हरकत घेतली नाही. संगीत छान वाजत होतं. पण गोळी सुटली, विमान फुटलं, तरी त्याचा आवाज नाही.

नववीतली एक मुलगी ते वाक्य बोलली आणि मी जागीच थांबलो. 'अर्धं गेलंय.' हेच शब्द मी १९९८ साली नांदेडात ऐकले होते. तेव्हा मी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्याची किंमत भलत्याच एका मुलाने मोजली होती.

वाचकहो, उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर डॉसच्या खेळांच्या साउंड कार्डवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला जे म्हणायचं आहे ते या जुन्या कार्डाशिवाय सांगता येणार नाही. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

१९९८ मध्ये हिंगोली जिल्हा अजून झाला नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. आमचं शिरड शहापूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. बारावीनंतर अब्बांनी मला नांदेडला मामूंकडे ठेवलं आणि एका खाजगी कॉम्प्युटर क्लासला घातलं. क्लास म्हणजे एक लांबट खोली, पाच-सहा जुने संगणक आणि चपला बाहेर काढायचा नियम. डॉसच्या आज्ञा पाठ करायच्या आणि वर्डस्टारमध्ये पत्र टाइप करायचं. बॅच संपली की क्लासवाले सर अर्धा तास खेळू द्यायचे. आवाज फक्त दोन मशीनना होता. एक सरांच्या केबिनमध्ये, एक बाहेर. बाहेरच्या मशीनचं कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, स्वस्तातलं, वर कुठल्याच कंपनीचं नाव नसलेलं.

आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. वडील मोंढ्यात हमाली करायचे. त्याच्या हाताला कसब होतं. एकदा सरांच्याच सांगण्यावरून त्याने बाहेरच्या मशीनचा डबा उघडला, धूळ झाडली, कार्ड काढून त्याचे पितळी दात खोडरबराने पुसले आणि पुन्हा जागेवर बसवलं. त्याच आठवड्यात मशीनमध्ये व्हायरस शिरला. सरांनी हार्डडिस्क फॉरमॅट करून सगळं नव्याने भरलं. त्यानंतर खेळ लावला तर संगीत येई, बाकी आवाज नाही. मधूनच एखादा आवाज अर्धवट फुटायचा आणि मशीन तिथेच गोठून जायचं.

"अर्धं कार्ड जळालंय," सर म्हणाले. "त्यानेच हात लावला होता ना?"

मला विचारलं गेलं, तू पाहिलंस का? मी म्हणालो, हो, त्याने कार्ड बाहेर काढलं होतं. मी खोटं बोललो नाही. पण त्याने ते कुणाच्या सांगण्यावरून काढलं, किती जपून काढलं आणि त्यानंतर डिस्क फॉरमॅट झाली, यातलं काही मी बोललो नाही. कार्डाचे पैसे मागितले गेले. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

आता ते कार्ड खरोखर काय करत होतं ते पाहू.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात एक लहानसा स्पीकर होता. चूक झाली की 'पीप' करणं एवढंच त्याचं काम. सुरुवातीचे खेळ त्याच्यावरच भागवायचे. आमच्या पिढीने ज्याच्यावर जीव टाकला तो 'डेंजरस डेव्ह' याच स्पीकरवर बोलायचा, म्हणून तो कुठल्याही मशीनवर आवाज करायचा. कार्ड असो वा नसो, त्याला फरक पडत नव्हता.

१९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधून 'अ‍ॅडलिब' नावाचं कार्ड आलं. ते काढणारे मार्टिन प्रेवेल हे संगीताचे प्राध्यापक. त्यावर यामाहाची एक चिप होती, ती वाद्यांसारखे सूर तयार करायची. पण माणसाचा आवाज किंवा स्फोट जसाच्या तसा वाजवणं तिच्या आवाक्यात नव्हतं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' काढलं. कंपनी उभी करणारे सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या कार्डात अ‍ॅडलिबची तीच सूर काढणारी चिप होती, आणि शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा वेगळा भाग होता. म्हणजे एकाच कार्डात दोन कारागीर. एक सूर काढणारा, दुसरा आवाज वाजवणारा.

इथेच सगळी मेख आहे. आज आपण मोबाइलवर काही वाजवलं तर अ‍ॅपला स्पीकर कुठला याची फिकीर नसते. मधली व्यवस्था ते पाहून घेते. डॉसमध्ये आवाजासाठी अशी मधली व्यवस्थाच नव्हती. प्रत्येक खेळाने कार्डाशी थेट बोलायचं. आणि थेट बोलायचं तर कार्डाचा ठावठिकाणा आधी माहीत हवा. तो तीन आकड्यांत असतो.

पहिला आकडा पत्ता. बहुतेक साउंड ब्लास्टर कार्डांचा पत्ता २२०. हा आकडा सोळाच्या पायाचा आहे, आपल्या दशमान पद्धतीत तो ५४४ होतो. खेळाने याच दारावर थाप द्यायची. पत्ता चुकला तर खेळ सरळ सांगतो, कार्ड सापडलं नाही.

दुसरा आकडा आयआरक्यू, म्हणजे हाक मारायची घंटा. कार्डाला दिलेला आवाजाचा तुकडा वाजवून झाला की ते घंटा वाजवतं, 'पुढचा द्या.' संगणकात अशा मोजक्याच घंटा होत्या आणि बहुतेक वाटून दिलेल्या. ० घड्याळाची, १ कीबोर्डची, ६ फ्लॉपीची, ७ प्रिंटरची. साउंड कार्ड बहुधा ५ किंवा ७ वर असायचं. आता कार्ड ५ नंबरची घंटा वाजवतंय आणि खेळ ७ नंबरच्या घंटेकडे कान लावून बसलाय, असं झालं तर? पहिला तुकडा वाजतो आणि पुढचा येतच नाही. कधी तोच तुकडा अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजतो, कधी मशीन गोठतं.

तिसरा आकडा डीएमए, म्हणजे माल उतरवायचा रस्ता. मेमरीतला आवाज प्रोसेसरला त्रास न देता ज्या वाटेने कार्डापर्यंत जातो ती वाट. तो बहुधा १. पुढे १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आलं, त्याला आणखी एक मोठी वाट लागायची, ती बहुधा ५.

आणि सूर काढणारा तो पहिला कारागीर? त्याला ना घंटा लागते ना माल उतरवायची वाट. त्याचं दार वेगळं, ३८८. त्यामुळे आयआरक्यू चुकला तरी संगीत व्यवस्थित वाजत राहतं आणि बाकीचा आवाज मुका होतो.

आता पुन्हा नांदेडला चला. 'संगीत येतं, आवाज नाही' याचा अर्थ कार्ड अर्धं जळालं असा नव्हताच. उलट कार्ड जागेवर नीट बसलंय, त्याला वीज मिळतेय, स्पीकरची वायर ठीक आहे, एवढ्या गोष्टी त्या वाजणाऱ्या संगीताने सिद्ध केल्या होत्या. म्हणजे त्या मुलाने केलेल्या कामातलं बरंचसं निर्दोष असल्याचा पुरावा आमच्या कानावर रोज पडत होता. आम्ही तो ऐकत होतो आणि त्यालाच दोषी ठरवत होतो.

पुढच्या वर्षी क्लासने जुनं सामान काढलं तेव्हा ते कार्ड मी भंगाराच्या भावात घेतलं आणि वसमतला एका मित्राच्या मशीनमध्ये बसवलं. बसवण्याआधी पहिल्यांदाच ते नीट न्याहाळलं. कार्डावर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. आयआरक्यूच्या जोड्यांपैकी ५ च्या जोडीवर काळी टोपी बसवलेली होती. केबिनमधल्या मशीनचं कार्ड मात्र ७ वर होतं, आणि फॉरमॅटनंतर आम्ही त्याच सवयीने इथल्या खेळांतही ७ भरला होता. शिवाय ऑटोएक्झेक नावाच्या फाइलमध्ये 'सेट ब्लास्टर' अशी एक ओळ असायची. ए२२० आय५ डी१, असा कार्डाचा ठावठिकाणा त्या ओळीत लिहिलेला असे आणि बरेच खेळ तो तिथूनच वाचत. फॉरमॅटमध्ये ती ओळ पुसली गेली होती. नव्याने कुणी लिहिली नव्हती.

मी खेळात ७ चा ५ केला. सगळे आवाज आले.

मग मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो कामासाठी भिवंडीला गेला होता. चचा भेटले. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, "कार्ड अच्छा है, ये उसकू मालूम था बेटा. लेकिन सुनता कौन?"

म्हणून त्या शनिवारी त्या मुलीचं वाक्य ऐकून मी थांबलो. आमच्या शाळेतल्या मशीनमध्ये तसं कार्ड नाहीच. आताचं चौसष्ट बिटचं विंडोज डॉसचे सोळा बिटचे खेळ चालवतच नाही. ते चालवायचे तर 'डॉसबॉक्स' नावाचा फुकट प्रोग्रॅम लागतो. तो २००२ पासून आहे. तो नव्या संगणकाच्या आत एक नकली जुना संगणक उभा करतो, नकली साउंड ब्लास्टरसकट. म्हणजे तिथे जळण्यासारखं काही नव्हतंच.

मी उत्तर सांगितलं नाही. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या आणि मुलांना म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते वहीत लिहा. त्या पायऱ्या इथेही देतो. घरातली जुनी सीडी किंवा जुना संगणक पुन्हा सुरू करायची इच्छा असेल त्याला उपयोगी पडतील.

सगळ्यात आधी खेळ बंद करून दुसरं काहीतरी वाजवून पाहा. तेही वाजत नसेल तर खेळाचा काही दोष नाही. स्पीकरचं बटण, पिन, व्हॉल्यूम पाहा. स्पीकरची पिन हिरव्या भोकात हवी. गुलाबी भोक माइकचं. खऱ्या जुन्या कार्डांच्या पाठीला आवाज कमी-जास्त करायचं एक दातेरी चाक असायचं, ते शून्यावर राहून कित्येक कार्डं 'मेली' आहेत.

मग ऐका, की काहीच येत नाही की काहीतरी येतंय. काहीच नाही आणि खेळ म्हणतोय कार्ड सापडलं नाही, तर पत्ता पाहा. संगीत येतंय आणि बाकी नाही, तर आयआरक्यू आणि डीएमए पाहा. तुकडा अडकून वाजतोय, तर आधी आयआरक्यू. खेळाच्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा 'सेटअप' नावाची फाइल असते. तिथे संगीताचं कार्ड आणि आवाजाचं कार्ड वेगवेगळं विचारतात. दोन्ही भरा. कित्येकदा दुसरं रिकामंच राहिलेलं असतं.

खेळ 'मेमरी पुरत नाही' म्हणत असेल तर तो कार्डाचा प्रश्न नाही. डॉसच्या प्रोग्रॅमना पहिल्या ६४० केबीतच दाटीवाटीने राहावं लागायचं, आणि आवाज चालू केला की खेळाला जागा जास्त लागायची. माउसचा वगैरे ड्रायव्हर वरच्या मेमरीत हलवला की जागा होते.

मशीन खेळापेक्षा फार नवं असेल तर वेगही आडवा येतो. अ‍ॅडलिबच्या चिपला एक गोष्ट सांगितल्यावर दुसरी सांगण्याआधी क्षणभर उसंत द्यावी लागते. काही जुने खेळ ती उसंत प्रोसेसरच्या वेगावरून मोजायचे. प्रोसेसर वेगवान झाला, उसंत आखूड झाली आणि खेळाला कार्ड सापडेनासं झालं. जुन्या डब्यांवरचं 'टर्बो' बटण बंद करून मशीन मुद्दाम हळू करायचं, ते अशाच कारणांसाठी. डॉसबॉक्समध्ये हेच काम कंट्रोल धरून एफ ११ दाबल्यावर होतं. एफ १२ ने वेग वाढतो.

आणि डॉसबॉक्समध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. त्याचं नकली कार्ड मुळात पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ आणि मोठी वाट ५ असं मांडलेलं असतं. खेळाच्या सेटअपमध्ये हेच आकडे हवेत. किंवा डॉसबॉक्सच्या फाइलमधला आकडा बदलून खेळाशी जुळवा. कुणी कुणाशी जुळवायचं ते तुमच्या सोयीने ठरवा. दोघांकडे एकच आकडा असला म्हणजे झालं.

मुलांना पाऊण तास लागला. पहिल्या दहा मिनिटांत एकाने तीन आकडे एकदम बदलले आणि होतं ते संगीतही घालवलं. मग त्यांना 'एका वेळी एकच' याचा अर्थ कळला. शेवटी त्या मुलीलाच सापडलं. पेनड्राइव्हवर आलेल्या खेळात आधीच्या कुणीतरी आयआरक्यू ५ भरून ठेवला होता, डॉसबॉक्सचा ७ होता. नांदेडला कार्ड ५ आणि खेळ ७, इथे उलट. तिने ७ केला, विमान फुटलं आणि सगळे ओरडले. वहीत तिने लिहिलं होतं, 'कार्ड ठीक होतं. नंबर वेगळे होते.'

आता माझं म्हणणं मांडतो.

आपल्या शाळांत, मग त्या उर्दू असोत की मराठी, संगणक शिकवायचा म्हणजे चालू असलेलं यंत्र वापरायला शिकवायचं, एवढाच अर्थ उरला आहे. एमएस-सीआयटी मीही केली आहे, तिचा मला उपयोग झाला. पण यंत्र अडलं की काय करायचं? 'माणूस येईल.' तो माणूस नांदेडहून किंवा परभणीहून येणार. तो येईपर्यंत मशीनवर कापड. मी भाषा शिकवतो. मुलांना 'क' आणि 'क़' मधला, 'ल' आणि 'ळ' मधला फरक कानाने कळावा म्हणून मला आवाज हवा असतो. आमच्या खोलीतलं एक मशीन 'आवाज गेला' म्हणून वर्षभर कापडाखाली होतं. त्या शनिवारनंतर त्याच मुलांनी ते उघडलं. बायॉसमध्ये आवाजाची सोय बंद करून ठेवलेली निघाली. खर्च शून्य रुपये. वर्षभर मुलं ज्या आवाजाला मुकली, त्याचा हिशेब कुठे लावायचा?

बिघाड शोधणं ही एक रीत आहे. काय होतंय ते नीट पाहायचं, काय चालू आहे ते आधी मोजायचं, एका वेळी एक गोष्ट बदलायची, लिहून ठेवायचं, आणि खात्री होईपर्यंत 'गेलं' हा शब्द उच्चारायचा नाही. ती शिकवायला डॉसच्या खेळाचा आवाज हे फार चांगलं साधन आहे. सगळे आकडे डोळ्यांसमोर आहेत. डॉसबॉक्समध्ये काहीही मोडत नाही, चुकलं तर फाइल पुसून पुन्हा सुरू करा. आणि उत्तर बरोबर आलं की मास्तरांना विचारावं लागत नाही, कान सांगतात.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचा. "मास्टरसाब, मुलं आधीच मोबाइलच्या खेळांनी वाया चाललीत. त्यात तुम्ही शाळेत खेळ आणि गाणं-बजावणं घेऊन बसलात?" त्यांची काळजी खरी आहे, मी तिला हसणार नाही. ज्या घरांत संगीताबद्दल संकोच आहे त्यांचाही मी मान राखतो. सेटअपमध्ये संगीत बंद ठेवून फक्त आवाज लावता येतो, धडा तोच राहतो. आणि मी मुलांना खेळायला देत नाही, दुरुस्त करायला देतो. त्या दिवशी आवाज आल्यावर पाच मिनिटांत मुलांचा खेळातला रस संपला होता. 'सर, दुसरा बिघडलेला आहे का?' असं विचारत होती.

दुसरा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा. जग कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत गेलं, तुम्ही तीस वर्षांपूर्वीच्या आयआरक्यूत अडकलात. बरोबर आहे, आयआरक्यूचे आकडे या मुलांना नोकरीत कुणी विचारणार नाही. पण आजची यंत्रं आपला बिघाड लपवतात. 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच सांगतात. जे आत दिसतच नाही त्यावर नवख्याला विचार करायला कसं शिकवणार? सायकलची चेन उघडी असते म्हणून पोराला गती कशी फिरते ते कळतं. डॉसची चेनही तशीच उघडी आहे.

खबरदारीची एक गोष्ट मात्र सांगतो. खेळ जुना झाला म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही. आम्ही नांदेडात फ्लॉपीवर फ्लॉपी उतरवून घ्यायचो, त्यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नव्हतं. कंपनीने मोकळे सोडलेले खेळ किंवा फुकट वाटलेले पहिले भाग पुष्कळ आहेत, शाळेला तेवढे पुरतात. आणि जुनं जपणं किती नाजूक असतं याचंही एक उदाहरण देतो. सुलतान लढाईवर गेलेला, वजीर जाफरने शहजादीला कोंडलेलं आणि वाचवायला ६० मिनिटं, तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो ना? १९८९ चा. करणारा जॉर्डन मेकनर. त्यातली धाव त्याने आपल्या धाकट्या भावाचं चित्रण करून उतरवली होती, संगीत वडिलांचं होतं. त्या खेळाचा मूळ लिहिलेला कोड कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. ते खोकं कुणी 'जुनं झालं, गेलं' म्हणून फेकलं असतं तर?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक शाळेने महिन्यातून एक तास 'बिघाडाचा तास' ठेवावा. एखादं बंद मशीन, एखादा मुका खेळ मुलांसमोर ठेवावा. मुलींना मागच्या बाकावर बसवून मुलांनाच डबा उघडू देऊ नये. एक वही असावी, तीन रकान्यांची. काय दिसलं, काय बदललं, काय झालं. 'कुणी हात लावला होता' असा रकाना त्यात नसावा. खात्री केल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. ते पाळायचं कसं, याचा सराव मात्र कुठेच होत नाही. तो या तासाला होईल.

आमच्या शाळेत ही वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या मुलीची नोंद आहे. ते जुनं कार्डही मी घरून आणून संगणकाच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं आहे. त्याची काळी टोपी अजून ५ वरच आहे. मुलं विचारतात, सर, हे चालतं का? मी सांगतो, चालतं. ज्याने पुसून बसवलं होतं त्याने नीट बसवलं होतं.